भुईकोट समजावून सांगणारा माणूस हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नात्यातल्या एका लग्नासाठी गेल्या महिन्यात बार्शीला जाणे झाले. कार्य आटोपले, परतीची घाई नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी मी, माझी मोठी बहीण (आमची अक्का), तिचे यजमान आणि सातवीत शिकणारी माझी नात असे चौघे परंड्याचा भुईकोट, म्हणजे सपाट भुईवर बांधलेला किल्ला पाहायला निघालो. बार्शीहून परंडा तासाभराच्या आतले अंतर. दुपार किल्ल्यात गेली, रात्री तालुक्यातल्याच एका गावी दाजींच्या पाहुण्यांकडे मुक्काम केला, सकाळी पुन्हा किल्ल्यात जाऊन दोन तास काढले आणि सोनारीच्या काळभैरवनाथाचे दर्शन घेऊन लातूरची वाट धरली. दीड दिवसाची ही साधी सहल. पण तीत जे पाहायला मिळाले त्याचा आनंद आणि जे पाहावे लागले त्याची तळमळ, दोन्ही अजून मनातून जात नाहीत, म्हणून हे पत्र लिहितो आहे. ते लांबले आहे. जमेल तेवढे छापावे, ही विनंती.

निघण्याआधी लग्नाच्या मांडवातच एका शिकलेल्या तरुणाने मला विचारले होते, "काका, परंड्याला डोंगर कुठंय? नुसत्या भिंती बघायला कशाला जाताय?" त्याच्या विचारण्यात चेष्टा नव्हती. त्याने रायगड पाहिला होता, राजगडावर मुक्काम केला होता, आणि किल्ला म्हणजे चढण ही व्याख्या त्याच्या मनात पक्की बसली होती. मराठवाड्यात जन्मून वाढलेल्या आपल्यापैकी पुष्कळांची समजूत याहून निराळी नाही. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा वारसा म्हणून १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा आमच्या कॉलनीत पेढे वाटण्यात मीही होतो. त्या १२ किल्ल्यांपैकी ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. मराठवाड्यातला एकही नाही. यादीचा विषयच वेगळा होता, त्यामुळे त्यात तक्रार करण्याजोगे काही नाही. मात्र त्या निमित्ताने किल्ल्यांवर जे भरभरून बोलले आणि लिहिले गेले, त्यात कंधार, उदगीर, औसा, नळदुर्ग, धारूर, परंडा ही नावे कुठेतरी येतील म्हणून मी वाट पाहिली, आणि ती जवळजवळ आलीच नाहीत, याचे मात्र वाईट वाटले.

हे किल्ले सह्याद्रीतल्या गडांचे गरीब भाऊबंद नाहीत. त्यांचे काम निराळे होते. बहामनी राज्य मोडून त्यातून निजामशाही, आदिलशाही, बरीदशाही अशी राज्ये निघाली, आणि या राज्यांच्या सरहद्दी आजच्या धाराशिव, लातूर, बीड, नांदेड या जिल्ह्यांच्या माळरानावरून गेल्या. पुढे उत्तरेकडून मोगल उतरले, तेही याच पट्ट्यात. डोंगराचा आडोसा नसलेल्या मोकळ्या मुलुखात सरहद्द राखायची तर डोंगराने जे काम फुकट केले असते ते सगळे माणसाला हाताने करावे लागते. कडा नाही म्हणून खंदक खणायचा, चढण नाही म्हणून तटाच्या आत तट घालायचा, खिंड नाही म्हणून दरवाजाची वाट वळवत न्यायची. भुईकोटात निसर्गाची मदत जवळजवळ शून्य असते, सगळी करामत डोक्याची आणि हाताची असते. ३१ वर्षे पाटबंधाऱ्याच्या कामांवर दगड, चुना, माती आणि पाणी यांच्याशी झटापट केलेल्या माझ्यासारख्याला म्हणूनच कदाचित भुईकोट अधिक बोलका वाटत असावा.

परंड्याच्या किल्ल्याची उभारणी बहामनी काळातली. तिचे श्रेय महमूद गावान या वजिराला दिले जाते. बाहेरून पाहिले तर गावाला लागूनच असलेली काळ्या दगडाची एक लांबलचक भिंत दिसते आणि तिच्यापुढे खंदक. पण आत शिरताना दर वळणावर वाट मोडते. एका दरवाजातून आत गेले की समोर पुढचा दरवाजा दिसत नाही, भिंत दिसते. काटकोनात वळावे लागते, आणि वळताना दोन्ही अंगांचे तट आपल्या डोक्यावर येतात. धावत येऊन दरवाजावर धडक द्यायला हत्तीला सरळ जागाच मिळू नये, अशी ही योजना आहे. बाहेरचा तट ठेंगणा आणि आतला उंच ठेवलेला आहे, म्हणजे आतल्या तटावरचे बंदूकवाले बाहेरच्या तटावरच्या आपल्याच माणसांच्या डोक्यावरून मारा करू शकत आणि दोन्ही तट एकाच वेळी लढत. तोफा आल्यावर बुरूजही बदलले. पूर्वी बुरूज म्हणजे टेहळणीची आणि तिरंदाजीची जागा होती. आता त्याला एवढे रुंद आणि भक्कम व्हावे लागले की माथ्यावर तोफ फिरवता यावी आणि ती उडाल्यावर बसणारा मागचा धक्का बांधकामाने पचवावा.

हे सगळे मी माझ्या नातीला सांगत होतो आणि ती मान डोलावत होती, पण तिचे लक्ष लागत नव्हते, हे मला कळत होते. ते लागले एका म्हाताऱ्या गृहस्थांमुळे. खंदकाच्या काठाने शेळ्या चारणारे हे गृहस्थ आमच्या मागोमाग सहज आत आले होते. आम्ही दरवाजाच्या वरच्या तटावर फांजीवर, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेवर, उभे होतो. त्यांनी नातीला हाताने खुणावून एका जंगीपाशी नेले आणि म्हणाले, "बाय, हितं डोळा लाव. मगाशी तू कुठं उभी व्हतीस, ते दिसतंय का बघ." ती वाकली. जंगी म्हणजे तटातले बंदुकीसाठीचे तिरपे भोक; आतून हातभर रुंद, बाहेर जेमतेम चार बोटे. तिने डोळा लावला आणि दोन क्षण काही बोललीच नाही. मग मागे न वळताच म्हणाली, "आबा, आपण बाटली प्यायला थांबलो होतो ना, तो दगड दिसतोय. फक्त तेवढाच दिसतोय." दरवाजाबाहेर वाट वळते त्या ठिकाणी आम्ही पाणी प्यायला थांबलो होतो. किल्ल्यात येणारा प्रत्येक माणूस त्या वळणावर वेग कमी करणार, आणि नेमक्या त्या जागेवर त्या भोकाचा रोख धरलेला. पुढचा तासभर ती एकेका जंगीला डोळा लावत फिरली, आणि कोणत्या भोकातून काय दिसते त्याचा नकाशा तिने वहीच्या मागच्या पानावर काढायला घेतला.

माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानाने जे साधले नाही, ते त्या गृहस्थांच्या एका वाक्याने साधले. डोंगरी गडावर गेलेल्या माणसाला कोणी काही सांगितले नाही तरी तो रिकाम्या हाताने परतत नाही. वारा, दरी, सूर्यास्त, चढून आल्याचे समाधान, काहीतरी त्याच्या पदरात पडतेच. भुईकोटाचे तसे नाही. त्याची रचना कळली नाही तर तिथे खरोखरच नुसत्या भिंती असतात, मांडवातला तो तरुण म्हणाला तशा. आम्ही आत असताना पुण्याकडच्या गाडीतून एक कुटुंब आले होते. मुलांनी तोफेवर बसून फोटो काढले, आईने मशिदीच्या सावलीत डबा उघडला, वडिलांनी चारी बाजूंना पाहून "झालं वाटतं एवढंच" म्हटले आणि वीस मिनिटांत मंडळी गेली. त्यांच्याकडे बोट दाखवावे असे मला मुळीच वाटत नाही, कारण त्यांना थांबवून ठेवील असे एकही वाक्य तिथे त्यांच्या कानावर पडले नव्हते.

आणि सांगण्यासारखे काही कमी आहे काय? निजामशाहीची राजधानी अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर १६०० मध्ये निजामशाही सरदार मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवून निजामशाही पुन्हा उभी केली, ती याच परंड्यात. काही काळ हा किल्ला एका राज्याची राजधानी होता. मलिक-ए-मैदान ही तोफ विजापूरला जाणारा प्रत्येक जण पाहून येतो, पण ती विजापूरची नव्हे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १५४९ मध्ये अहमदनगरला मुहंमद बिन हसन रूमी या कारागिराने ती ओतली. सुमारे ५५ टन वजन, १४ फुटांहून अधिक लांबी, आणि तोंड असे की आत माणूस बसावा. तोंडाशी जबडा पसरलेला सिंह आणि त्याच्या दातांत सापडलेला हत्ती. ती तोफ पुढे परंड्याच्या तटावर होती. परंडा आदिलशाहीकडे गेल्यावर १६३२ मध्ये ती येथून विजापूरला नेली गेली, आणि त्यासाठी १० हत्ती, ४०० बैल आणि शेकडो माणसे लागली असे सांगतात. ५५ टनांचा ओतीव धातू, रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी, आणि वाटेत भीमा नदी. माझ्या नोकरीत एका बंधाऱ्याचे जड लोखंडी दार दहा किलोमीटर हलवताना आमची जी त्रेधा उडाली होती ती आठवून मी त्या बुरजावर बराच वेळ नुसता उभा राहिलो. औरंगजेबाने विजापूर जिंकल्यावर १६८६ मध्ये या तोफेवर आपला लेख कोरवला, आणि इंग्रजी अमलात १८५४ मध्ये तीच तोफ भंगार म्हणून लिलावात अवघ्या १५० रुपयांना जात होती. कोणाच्या तरी वेळेवर लक्षात आले आणि तो व्यवहार रद्द झाला, म्हणून ती आज पाहायला मिळते.

दुसरी गोष्ट तर आपल्या, म्हणजे दुष्काळी मुलुखातल्या माणसाच्या थेट काळजाशी बोलणारी आहे. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला होता. त्याच काळात, धारूरचा किल्ला घेऊन मोगल सरदार आझमखान परंड्यावर चालून आला. त्याला येथून हात हलवत माघारी जावे लागले, ते मुख्यतः जनावरांना गवत-चारा मिळेना म्हणून. पुढे १६३४ मध्ये शाहजहानचा मुलगा शुजा आणि महाबतखान यांनी परंड्याला पुन्हा वेढा घातला, तोही अपेशी ठरला, आणि त्यानंतर काही महिन्यांतच महाबतखान वारला. मात्र वेढ्यांना दाद न देणारा हाच किल्ला पुढे १६६० मध्ये त्याच्या किल्लेदाराने मोगलांच्या हवाली केला. चारा संपला म्हणून बादशाही फौजा परतल्या ही गोष्ट भूम-परंड्याच्या शाळकरी मुलाला जितकी चटकन कळेल तितकी दुसऱ्या कोणाला कळणार नाही. दुष्काळातल्या चारा-छावणीत जनावरे बांधलेली त्याने आपल्या घरच्यांकडून ऐकली तरी आहेत, नाहीतर स्वतः पाहिली आहेत.

यातले अक्षरही किल्ल्यात फिरताना आमच्या कानावर पडले नाही. जे माहीत होते ते मी घरून वाचून नेले होते. शेळ्या चारणाऱ्या त्या आजोबांना जंग्यांचा रोख कळत होता, कोणत्या दरवाजाच्या देवडीत पहारेकरी बसत ते माहीत होते, दारूकोठारातले तोफगोळे कसे वाहून नेत असतील याविषयी त्यांच्या आज्याने सांगितलेले त्यांच्या तोंडपाठ होते. त्यांच्यानंतर हे कोण सांगणार, हे मी त्यांना विचारले. "पोरं पुण्याला हायती," एवढेच ते म्हणाले.

आता दुसरी बाजू सांगतो, आणि ती सांगताना मला त्रास होतो. किल्ल्याच्या तटांमधून आणि बुरजांमधून जागोजागी पिंपळ, वड आणि उंबर उगवले आहेत. एका बुरजाच्या बाहेरच्या अंगाला मनगटाएवढे मूळ दोन घडीव दगडांच्या मधून बाहेर आलेले मी हाताने चाचपून पाहिले. वरचा दगड जागेवरून पुढे सरकला आहे आणि फटीत माझी चार बोटे सहज गेली. हे कसे घडते ते सांगतो, कारण "जुनं आहे, पडणारच" असे म्हणून आपण सुटका करून घेतो आणि ते खरे नाही. पाखराच्या विष्ठेतून बी सांध्यात पडते. जुन्या बांधकामातला चुना ओल धरतो आणि हळूहळू सोडतो, त्यामुळे उन्हाळ्यातही त्या रोपाला जगण्यापुरती ओल मिळते. मूळ चुन्यातून आत शिरते, आतल्या डबराच्या भरावात पसरते, जाड होत जाते आणि दर्शनी घडीव दगडांना आतून बाहेर रेटते. पुढच्या पावसाळ्यात त्या फटीतून पाणी आत जाते, भराव धुपतो, आणि एक दिवस बुरजाचा पूर्ण पापुद्रा खाली येतो. रोप वितभर असते तेव्हा ते काढायला एका माणसाला पाच मिनिटे लागतात. दहा वर्षांनी त्याच जागी पूर्ण बुरूज उकलून पुन्हा रचावा लागतो.

वरवर फांद्या छाटून काही साधत नाही. छाटलेला पिंपळ दुप्पट जोमाने फुटतो. मूळ मारावे लागते, सांधा मोकळा करून साफ करावा लागतो आणि मग चुन्यानेच दर्जा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांच्या फटी, भराव्या लागतात. येथे "चुन्यानेच" हा शब्द मी मुद्दाम लिहितो. घाईने केलेल्या दुरुस्तीत सिमेंट वापरले जाते, आणि सिमेंट जुन्या चुन्याच्या कामाचा शत्रू आहे. ते कडक असते, भिंतीबरोबर हलत नाही आणि आतली ओल बाहेर जाऊ देत नाही. मग ती ओल शेजारचा मऊ चुना आणि दगडाची कड खाते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एका जुन्या बारवेच्या काठाला सिमेंटचे लिंपण करून घेतले होते आणि काम चांगले झाले म्हणून समाधान मानले होते. आठ वर्षांनी तिकडून जाताना पाहिले, तर सिमेंट तसेच होते आणि त्याच्या कडेचे मूळचे दगड सुटले होते. ती चूक माझी होती, आणि म्हणून मला हे सांगण्याचा हक्क आहे असे मी समजतो. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीना नदीला आलेल्या पुराने परंडा तालुक्यातल्या शेतांची आणि घरांची काय दशा केली ते सर्वांनी पाहिले आहे. माणसे उभी करणे हे पहिले काम, यात दुमत नाही. पण त्या वर्षीची भरपूर ओल तटांतल्या मुळ्यांनाही मिळालेली आहे, हेही नजरेआड होऊ नये.

सकाळच्या फेरीत आमच्यावर एक प्रसंगही ओढवला. आतल्या बारवेकडे जाताना कमरेएवढे गवत वाढले होते. माझी नात पुढे होती. गवत जिथे संपल्यासारखे वाटले तिथेच काठ होता. कठडा नाही, दोरी नाही, फलक नाही. अक्काने मागून तिच्या दप्तराचा पट्टा धरला म्हणून ती थांबली, आणि तिच्या पायाखालचा एक दगड खाली गेला. तो पाण्यात पडल्याचा आवाज आम्ही चौघांनीही ऐकला. अक्का नंतर बराच वेळ एका ओट्यावर बसून होती आणि पोरीचा हात तिने गाडीत बसेपर्यंत सोडला नाही. या वास्तूची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना हा प्रसंग मी लेखी कळवला आहे. उत्तर अजून आलेले नाही. कोणावर ठपका ठेवावा हा हेतू नाही. त्या काठाला चार खांब आणि एक तार लागावी, एवढीच अपेक्षा आहे, आणि ती शाळेची पहिली सहल तिथे जाण्याआधी पुरी व्हावी.

यावर "तिथे येतेच कोण, खर्च कोणासाठी करायचा?" असे विचारणारे भेटतात. त्यांनी पावसाळ्यात नळदुर्गला जाऊन पाहावे. बोरी नदीवरच्या बांधात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने १६१३ मध्ये बांधवून घेतलेला पाणी महाल आणि त्यावरून पडणारे नर-मादी धबधबे पाहायला सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. लोक यायला तयार आहेत. मात्र तिथेही माझा अनुभव असा की बहुतेक मंडळी पाणी पाहतात, कणसे खातात आणि परततात. वाहत्या नदीला अंगावर घेऊनही आतली दालने कोरडी ठेवणारी ती रचना एखाद्या अभियांत्रिकीच्या वर्गाला दोन दिवस शिकवता येईल. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादच्या पोलीस कारवाईत सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजेने पहिल्याच दिवशी नळदुर्ग ताब्यात घेतले, आणि त्याच दिवशी त्या परिसरातल्या लढाईत हवालदार बचित्तरसिंग यांना वीरमरण आले. पुढे त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिन पाळतो, झेंडा लावतो, भाषणे करतो. त्या दिवशी जिल्ह्यातल्या मुलांना नळदुर्गच्या तटावर उभे करून हे का सांगू नये, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही. उदगीरचेही तसेच आहे. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला तिथे नमवले आणि वर्षाच्या आत पानिपत झाले. पानिपत आपल्याला पाठ आहे. उदगीर मात्र आपल्याच दारात असून आपण ते मुलांना दाखवत नाही.

माझे म्हणणे मोठ्या निधीचे नाही. प्रकाशझोत, संगीत कारंजी, तिकिटाच्या खिडकीवर काचेचा मनोरा, यांपैकी काहीही नको. मला एक माणूस हवा आहे. प्रत्येक भुईकोटापाशी, निदान शनिवार-रविवारी आणि सहलींच्या हंगामात, त्या किल्ल्याची रचना आणि इतिहास समजावून सांगणारा त्याच गावचा माणूस. परंड्यात बारावी-पदवी झालेली आणि कामाच्या शोधात पुण्याला जाण्याच्या बेतात असलेली मुले-मुली आहेत. त्यांच्यातल्या चार-पाच जणांना महिनाभर नीट शिकवले, इतिहासाच्या एखाद्या प्राध्यापकाने सनावळी आणि दगडी कामातल्या एखाद्या जाणत्याने बांधकाम, तर ते हे काम उत्तम करतील. आणि येणाऱ्याकडून माणशी वीस-तीस रुपये घेतले तर कोणी कुरकूर करणार नाही. त्यांना एक गोष्ट मात्र सक्तीने शिकवावी. सनावळी आधी सांगायची नाही. आधी जंगीला डोळा लावायला सांगायचे, वळणावर उभे करायचे, तोफेमागच्या भिंतीला हात लावायला सांगायचे, आणि मग सन सांगायचा.

असा माणूस रोज किल्ल्यात असला की वितभर पिंपळ त्याच्याच नजरेला आधी पडेल. तोफेवर खिळ्याने नाव कोरणाऱ्याला तोच अडवील. आज किल्ल्यात असलेल्या तोफांवर कोरलेली नावे पाहून दाजींसारखा मितभाषी माणूसही संतापला होता. ज्यांनी ती कोरली त्यांना आपण कशावर खिळा चालवतो आहोत हे एकदा कोणी सांगितले असते, तर त्यांतल्या निम्म्यांनी तरी हात आवरला असता, असा माझा माणसांवर विश्वास आहे. शिक्षकांचा यातला वाटा मी सर्वांत मोठा मानतो. आपल्या सहली औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, वेरूळ-देवगिरी करून परततात, आणि ते पाहायलाच हवे. पण परंड्याच्या शाळेने परंडा, औशाच्या शाळेने औसा आणि कंधारच्या शाळेने कंधार किमान एकदा पूर्ण दिवस लावून पाहावे. त्याला एसटीचे भाडेसुद्धा लागत नाही.

परंड्याच्या बाबतीत आणखी एक लोभ सुचवतो. डोमगावला समर्थशिष्य कल्याणस्वामींचा मठ याच तालुक्यात आहे, परंड्यात हंसराजस्वामींचा मठ आहे, सोनारीला भैरवनाथ आहे आणि त्याच्या आवारातली वानरे पाहून नात जेवण विसरली. भूमच्या बाजूला जाताना खव्याच्या भट्ट्यांचा वास गाडीत येतो. दाजींच्या पाहुण्यांनी रात्री ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि ताजा खवा वाढला. दोन दिवसांची सहल म्हणून यापेक्षा भरगच्च काय हवे? बाहेरगावच्या माणसाला हे सगळे एकत्र सांगणारा एक साधा नकाशा जरी किल्ल्याच्या दाराशी लावला, तरी वीस मिनिटांत परतणारी गाडी त्या गावात मुक्कामाला राहील.

संपादक महोदय, आपल्या वृत्तपत्राकडे दोन विनंत्या आहेत. मराठवाड्यातल्या भुईकोटांवर, एकेका रविवारी एकेक, असे सदर आपल्या तालुका वार्ताहरांकडून लिहून घ्यावे आणि प्रत्येकाबरोबर किल्ल्याचा आराखडा छापावा. आणि येत्या पावसाळ्याआधी परंड्याच्या तटांतली रोपे मुळासकट निघावीत आणि बारवेला कठडा बसावा, यासाठी आपल्या स्तंभातून पाठपुरावा व्हावा.

माझ्याकडून जे होण्यासारखे आहे ते असे: मी निवृत्त आहे, गुडघे अजून साथ देतात. परंड्याच्या कोणत्याही शाळेने, महाविद्यालयाने किंवा तरुण मंडळाने मुले जमवली, तर महिन्यातल्या एका रविवारी स्वतःच्या खर्चाने येऊन खंदक, तट, चुना आणि दगडकाम यांविषयी जे मला येते ते शिकवायला मी तयार आहे. नातीने काढलेल्या जंग्यांच्या नकाशाची प्रत या पत्रासोबत जोडली आहे. तिने तटाच्या एका बाजूच्या १९ जंग्या मोजून कोणत्या जंगीतून काय दिसते ते लिहिले आहे. उरलेल्या बाजू दिवाळीच्या सुट्टीत पुऱ्या करायच्या, असे तिने शेळीवाल्या आजोबांना कबूल केले आहे.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता, लातूर